चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर : विदर्भातून लांब पल्ल्याच्या मोटारसायकल रॅलीची तयारी

मोटारसायकल रॅली म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाळवंटात धूळ उडवत सुसाट धावणाऱ्या गाड्या येतात. तो वेगाचा प्रकार आहे आणि या लेखाचा विषय तो नाही. मी ज्या रॅलीविषयी लिहीत आहे ती सहनशक्तीची असते आणि ती चालू वाहतुकीच्या रस्त्यावर, वाहतुकीचे सगळे नियम पाळून, सर्वसाधारण गाडीवर पूर्ण करायची असते. या प्रकाराला जगभर ओळख मिळवून देणारी आयर्न बट रॅली १९८४ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्यात रायडर ११ दिवसांत साधारण ११,००० मैल, म्हणजे जवळपास १७,७०० किलोमीटर अंतर कापतात. तिथवर पोहोचणारे थोडेच. परंतु ती भरवणाऱ्या आयर्न बट असोसिएशन या संघटनेची पहिली पायरी, म्हणजे ‘सॅडलसोअर’ या नावाने ओळखली जाणारी २४ तासांतली १,६०० किलोमीटरची धाव, आपल्याकडेही अनेक जण पूर्ण करतात. त्यापुढची पायरी ३६ तासांत २,५०० किलोमीटरची आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबातला, दीडशे-दोनशे सीसीची गाडी असलेला मुलगा किंवा मुलगी हे करू शकते असे मला अनुभवाने वाटते, आणि म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आहे.

प्रथम गणित समजून घ्यावे, कारण अंगात कितीही जोर असला तरी गणित चुकलेली धाव पूर्ण होत नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती पाळूनच ही धाव करायची आहे. मर्यादेत राहून, मोकळ्या रस्त्यावर, चालत्या गाडीची सरासरी फार तर ताशी ७५ पडते. त्या हिशेबाने १,६०० किलोमीटरला २१ तास २० मिनिटे लागतात आणि थांबण्यासाठी उरतात फक्त २ तास ४० मिनिटे. शिवाय गाडीचे मीटर बहुधा प्रत्यक्षापेक्षा थोडे जास्त अंतर दाखवते आणि पडताळणी होते ती नकाशावरच्या अंतराची, म्हणून मार्ग आखतानाच ३० किलोमीटर जादा धरावे लागतात. म्हणजे हातात राहिले सव्वादोन तास. त्यात पेट्रोल, पाणी, खाणे, लघवी, पावत्या, फोटो आणि झोप. नवखा रायडर एका थांब्यावर सहज वीस-पंचवीस मिनिटे घालवतो आणि ती भरून काढायला पुढे शंभरच्या वेगाने पळतो; धोका तिथे सुरू होतो. ज्याला ही रॅली नीट करायची आहे त्याने वेग वाढवण्याचा विचार डोक्यातून काढून टाकावा आणि थांबा दहा मिनिटांत कसा आटोपेल याचा सराव करावा.

हा सराव मी घरच्या अंगणात घड्याळ लावून केला, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. क्रम असा ठेवावा : गाडी पंपाला लावताच मीटरचा फोटो, पेट्रोल भरून होईपर्यंत डाव्या खिशातले पैसे हातात, पावती मिळाली की तिच्यावरची तारीख, वेळ आणि पंपाचे गाव तिथल्या तिथे वाचणे, मीटरशेजारी धरून पावतीचा फोटो, पावती बंद पाकिटात, मग गाडी बाजूला घेऊन पाणी, लघवी, चेनवर एक नजर, दोन्ही टायरना हात, आणि निघणे. प्रत्येक वस्तूचा खिसा ठरलेला असावा आणि तो कधीही बदलू नये. रात्री तीन वाजता थकलेला माणूस किल्ली शोधत सहा मिनिटे घालवतो, कारण संध्याकाळी त्याने ती दुसऱ्याच खिशात ठेवलेली असते.

पावत्यांबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण माझी पहिली धाव तिथेच वाया गेली. धाव पूर्ण केल्याच्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी वाटेतल्या प्रत्येक टोकाची तारीख-वेळ-ठिकाण असलेली छापील पावती लागते, आणि मी सुरुवातीला व शेवटी एकेक साक्षीदारही ठेवतो. परतीच्या टोकावरच्या एका पंपाने दिलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख होती. यंत्राचे घड्याळच चुकलेले असावे. मी ती न वाचता पाकिटात टाकली आणि तीन दिवसांनी कागद लावायला बसलो तेव्हा ते लक्षात आले. त्या टोकाला मी पोहोचलो होतो याचा दुसरा पुरावा माझ्याजवळ नव्हता, त्यामुळे अर्ज पाठवलाच नाही. उरलेल्या पावत्यांपैकी दोन काळ्या पडल्या होत्या. पंपाची पावती उष्णतेने छापली जाणाऱ्या कागदावर असते. टाकीवरच्या पिशवीत ती आपल्या ऑक्टोबरच्या उन्हातही काळवंडते. तेव्हापासून माझ्या पावत्या जॅकेटच्या आतल्या खिशात, कापडी पाकिटात असतात आणि त्यांचे फोटो त्याच मिनिटाला काढलेले असतात. ज्या पंपावर छापील पावती मिळत नाही, आणि आडवळणाच्या पंपांवर ती अनेकदा मिळत नाही, तिथे पेट्रोल भरावे पण पुरावा म्हणून तो थांबा धरू नये. जवळच्या एटीएममधून शंभर रुपये काढून तिथली पावती घ्यावी.

गाडी आणि आसन

गाडी आहे तीच चालेल. टाकी १२ लिटरची आणि लिटरमागे ४० किलोमीटर असेल तर कागदावर ४८० किलोमीटर होतात. मी दर ३५० किलोमीटरला भरतो, म्हणजे बंद पंपामुळे धाव अडकत नाही. सर्व्हिसिंग रॅलीच्या आदल्या दिवशी कधीही करू नये. ते पंधरा दिवस आधी करावे आणि त्यानंतर निदान पाचशे किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे मिस्त्रीच्या हातून सैल राहिलेला बोल्ट घराजवळ सापडतो, वाटेतल्या तेलंगणातल्या निर्मलच्या जंगलात नाही. टायर नवा टाकायचा असल्यास त्यालाही शे-दोनशे किलोमीटर घासून घ्यावे. चेन दर पाचशे-सहाशे किलोमीटरला तेल मागते आणि गरम असताना घातलेले तेल तिच्यात चांगले मुरते, म्हणून हे काम पेट्रोलच्या थांब्याला जोडून घ्यावे. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल, फ्यूज, ट्यूबलेस टायरचे पंक्चर किट, छोटा हवेचा पंप आणि एक बॅटरी एवढे सामान पुरते. पंक्चर काढण्याचा सराव अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून, एकदा तरी करून पाहावा.

आसनाचा त्रास सहाशे किलोमीटरनंतर सुरू होतो आणि त्याचे कारण बहुधा गादी नसते, तर आतल्या कपड्याची शिवण असते. घामाने भिजलेली सुती शिवण दहा तासांत कातडी सोलते. सायकलपटू वापरतात तशी बिनशिवणीची, घाम शोषून लगेच वाळणारी चड्डी घ्यावी आणि टॅक्सीचालक वापरतात ते लाकडी मण्यांचे आसन गादीवर बांधावे. मण्यांच्या फटींतून हवा खेळते आणि एकाच जागी दाब राहत नाही. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट यांतली कोणतीही वस्तू रॅलीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये.

मार्ग आणि निघण्याची वेळ

आपल्या भागाचे मोठे भाग्य असे की श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूर, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा असा आपल्या दारावरून जातो. नागपूरहून दक्षिणेला निघून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, निर्मल, हैदराबाद, कर्नूल करत आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या थोडे पुढे गेल्यावर सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास होतात. तिथून त्याच वाटेने परत यावे. उत्तरेला याच महामार्गाने सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर असाही पर्याय आहे, पण मी दक्षिणेचा सांगतो कारण तो मला रस्त्यावरच्या गतिरोधकांसह पाठ आहे.

निघण्याची वेळ हा या योजनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. बहुतेक जण पहाटे चारला निघतात. त्या हिशेबाने दिवस छान जातो, परंतु परतीला हैदराबाद सुटते तेव्हा रात्र पडलेली असते आणि निर्मल ते आदिलाबाद हा जंगलाचा पट्टा मध्यरात्रीनंतर, शरीर अठरा-वीस तास जागे असताना लागतो. मी संध्याकाळी सहाला नागपूर सोडतो. जंगलाचा पट्टा नऊ ते साडेदहाच्या दरम्यान, डोके ताजे असताना निघून जातो. हैदराबाद रात्री एकच्या सुमारास, रिकामे असताना लागते. तिथल्या बाह्यवळण द्रुतगती मार्गावर दुचाकीला परवानगी नाही, सेवारस्त्याने किंवा शहरातून जावे लागते, त्यामुळे ही रिकामी वेळ फार मोलाची ठरते. सकाळी सहाच्या सुमारास परतीचे टोक गाठले की उरलेला जवळजवळ सगळा प्रवास उजेडातला असतो. याची किंमत एकच : निघण्याच्या दिवशी दुपारी बारा ते चार अंधाऱ्या खोलीत झोपावे लागते आणि त्याआधीच्या तीन रात्री पूर्ण झोप घ्यावी लागते. घरात लग्न, पेरणी किंवा कापूस वेचणी चालू असताना हे जमत नाही. तेव्हा तारीख पुढे ढकलावी.

ऋतूंबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हवा कातडीपेक्षा गरम झाली की वारा शरीराला थंड करत नाही, उलट तापवतो. अशा वेळी जॅकेट उघडे टाकणे चुकीचे आहे. आपली माणसे उन्हाळ्यात डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळून निघतात त्यात हेच शहाणपण आहे. जॅकेट बंद ठेवून आत ओला सुती शर्ट आणि गळ्याला ओला दुपट्टा बांधावा, आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी घोट-घोट पीत राहावे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचे लपके डांबरावर येतात आणि ओले झाले की त्यांच्यावर टायर साबणासारखा सरकतो. रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर रॅली तिथे संपली असे समजावे.

रात्रीचा रस्ता

थंडीच्या रात्री आपल्या भागात दोन गोष्टींवर नजर हवी. पहिली रोही, म्हणजे नीलगाय. तूर आणि हरभऱ्याच्या शेतांतून ते महामार्गावर येतात आणि एकटे क्वचितच येतात. दिव्याच्या झोतात हिरवट डोळ्यांची एक जोडी दिसली आणि ते जनावर रस्ता ओलांडून गेले, तरी तो धोका गेला असे मानू नये. त्याच्यामागे उरलेला कळप दुभाजकावर उभा असतो आणि गाडीचा आवाज जवळ आला की बिथरून उडी घेतो. वेग चाळीसवर आणावा, डावीकडे राहावे आणि किमान दोनशे मीटर तसेच जावे. रानडुक्कर ठेंगणे असते, डोळे लवकर चमकत नाहीत, म्हणून पिकाला लागून असलेल्या पट्ट्यात दिवे स्वच्छ आणि वेग माफक हवा.

दुसरी गोष्ट कापसाची. हंगामात हिंगणघाटच्या बाजाराकडे आणि जिनिंगकडे रात्रभर गाड्या निघतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना कापूस इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा आणि लाल पट्टी त्याखाली दडून जाते. वडनेरजवळ एकदा मला समोर नुसता एक फिकट ढिगारा धुक्यासारखा दिसला आणि तो धुके नसून उभी ट्रॉली आहे हे कळेपर्यंत मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. ट्रॉलीच्या आडोशाला शेकोटी करून बसलेले एक वृद्ध काका उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘‘काऊन बाप्पा, एवढ्या राती कुठं चाल्ला? बस, च्या घे.’’ मी हेल्मेट काढून त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसलो. तो थांबा माझ्या योजनेत नव्हता, पण हात थरथरत असताना पुढे जाणे अधिक चूक ठरले असते. निघण्यापूर्वी माझ्याजवळची चमकती पट्टी आम्ही दोघांनी त्यांच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चिकटवली. तेव्हापासून अशा पट्टीचा एक गुंडाळा मी नेहमी सोबत ठेवतो.

झोप

सतत १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे संशोधनात आढळले आहे. शरीराच्या घड्याळानुसार पहाटे दोन ते पाच हा झोपेचा सर्वांत जड काळ असतो, आणि दुपारी दोन-तीनला त्याची छोटी आवृत्ती पुन्हा येते. डुलकी चार सेकंदांची असली तरी ताशी ८० च्या वेगाने गाडी तेवढ्यात जवळपास ९० मीटर पुढे गेलेली असते. हे गाणे म्हणून, तोंडावर पाणी मारून किंवा तंबाखू खाऊन थांबत नाही. त्यावर झोप हाच उपाय आहे, आणि म्हणून सव्वादोन तासांच्या हिशेबात चाळीस मिनिटांची झोप मी आधीच राखून ठेवतो. हैदराबादच्या पुढे, जडचर्ला ते कर्नूलच्या दरम्यान, पहाटे तीनच्या सुमारास, दिवे असलेल्या मोठ्या पंपावर, तिथल्या माणसाला सांगून, गाडीशेजारी जॅकेटसकट आडवे व्हायचे. झोपण्यापूर्वी कडक कॉफी किंवा चहा घ्यावा. त्याचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणजे गजर होतो तेव्हा तोही कामाला लागलेला असतो. गजर दोन लावावेत.

माघार कधी घ्यायची हे घरी, शांत डोक्याने, कागदावर लिहून निघावे. माझ्या कागदावर तीन लक्षणे आहेत : मागचे दहा किलोमीटर आठवत नाहीत, पांढऱ्या पट्टीवरून गाडी एकदा जरी बाहेर गेली, वेग विनाकारण कमी-जास्त होऊ लागला. यातले एक दिसले की पुढच्या उजेडाच्या जागी थांबून झोपायचे, घड्याळ काहीही सांगो. दुसऱ्या धावेत वडकीच्या अलीकडे मी पट्टीच्या बाहेर गेलो. नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आत होते आणि वेळ पुरेसा होता. मी पंपावर दोन तास झोपलो आणि २५ तास १० मिनिटांनी नागपुरात पोहोचलो. त्या धावेचे प्रमाणपत्र नाही, पण तिची वही मी जपून ठेवली आहे.

खाण्याचे थोडक्यात : शेंगदाणे-गुळाचे लाडू, केळी, सोललेली संत्री, दही-भात. तर्रीदार आणि तळलेले टाळावे, पोट जड झाले की झोप लवकर येते. घरी दर पेट्रोलच्या थांब्यावर एका ओळीचा संदेश जाईल असे ठरवावे आणि ठरल्यापेक्षा एक तास उशीर झाला तर काय करायचे हेही घरच्यांना लिहून द्यावे. ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे क्रमांक फोनबरोबरच टाकीवरच्या कागदावरही असावेत.

गुणांची रॅली

ठरावीक अंतराची धाव जमली की खरी रॅली येते. तिच्यात आयोजक सुरुवातीच्या थोडे आधी एक पुस्तिका देतात. तिच्यात ठिकाणे, त्यांचे गुण आणि अटी असतात, आणि कुठे जायचे हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते. काही ठिकाणे फक्त उजेडात धरली जातात, काही ठिकाणी ठरलेल्या वस्तूचा आपल्या क्रमांकाच्या झेंड्यासह फोटो लागतो, तपासणी नाक्यावर उशीर झाल्यास गुण कापले जातात आणि त्याहून उशीर झाल्यास माणूस बाद होतो. नवख्याचे डोळे सर्वांत मोठ्या आकड्यावर जातात. त्याऐवजी तासाला किती गुण पडतात हे पाहावे, आणि या हिशेबाचा सराव गावाहूनच करावा. समजा जामहून १४ तासांची रॅली आहे. लोणारला ४२० गुण आहेत आणि जाऊन यायला १२ तास लागतात : तासाला ३५. सेवाग्राम ७५, रामटेक १७० आणि मार्कंडा २५०, मिळून ४९५ गुण, फेरी ११ तासांची : तासाला ४५, शिवाय तीन तास हातात, आणि एखादे ठिकाण हुकले तरी बाकीचे गुण राहतात. लोणारच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. फोनचा नकाशा सवयीने समृद्धी महामार्गाचा वेळ दाखवतो. तिथे दुचाकीला बंदी आहे. नकाशा दुचाकीवर ठेवूनच वेळ काढावा.

गुण मोजणीच्या टेबलावर बसण्यापूर्वी वीस मिनिटे स्वतःसाठी ठेवावीत. झेंडा नसलेला फोटो, चुकीचा लिहिलेला मीटरचा आकडा, वेळ न टिपलेली नोंद अशा कारणांनी शेकडो किलोमीटरची मेहनत जाते. नोंद ठिकाण सोडण्यापूर्वी करावी, नंतर आठवून लिहू नये.

आमचे गाव जामपासून जवळ आहे, त्यामुळे परतीला घराचा फाटा नागपूरच्या साठेक किलोमीटर आधी लागतो. आई फाट्यावर ताकाचा गडवा घेऊन उभी असते. पहिल्या वेळी मी थांबलो आणि पंधरा मिनिटे गेली. आता तिला आधीच सांगितलेले असते, आणि ती नुसता हात हलवते. नागपुरात शेवटची पावती, मीटरचा फोटो आणि साक्षीदाराची सही झाली की गाडीला हात लावायचा नाही. मी तिथेच ओळखीच्यांकडे झोपतो आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघतो. निघण्यापूर्वी वहीत प्रत्येक थांब्याची मिनिटे उतरवतो. गेल्या धावेत झोपेचा थांबा सोडला तर सर्वांत लांब थांबा १४ मिनिटांचा होता, कर्नूलजवळचा, डाव्या हाताचा मोजा सापडत नव्हता म्हणून.